पाण्यातले घड्याळ आणि काठावरचा माणूस

गुरुजींनी मला सातवीत गणित शिकवले. आज मी डॉक्टर आणि ते माझे रुग्ण असले, तरी दवाखान्यात शिरताना ते मला ‘अरे डॉक्टर’ अशीच हाक मारतात. वय ६८ वर्षे. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, रक्तदाबाचा जुना त्रास, आणि दोन वर्षांपूर्वी छातीत धडधड होऊ लागली तेव्हा मीच सुरू केलेली मेटोप्रोलॉलची गोळी. जमिनीवर चालले की गुडघे सुजत, म्हणून मी त्यांना नगरपालिकेच्या जलतरण तलावात रोज अर्धा तास, छातीइतक्या पाण्यात चालायला सांगितले होते. महिनाभरात फरक पडला. गुरुजी जिना न कण्हता चढू लागले.

दिवाळीत पुण्याहून मुलगा आला. त्याने वडिलांना पाण्यात चालणारे स्मार्ट घड्याळ भेट दिले. नाडीचे ठोके, फेऱ्या, वेळ, सगळे मनगटावर दिसते. गुरुजी खूश झाले. एके दिवशी दवाखान्यात येऊन म्हणाले, ‘अरे डॉक्टर, मी हिशेब केला. २२० मधून वय वजा केले की १५२. त्याचे सत्तर टक्के म्हणजे १०६. घड्याळही तेवढेच सांगते. पण माझे ठोके काही नव्वदीच्या पुढे फारसे सरकत नाहीत. म्हणजे माझी मेहनत कमी पडते, नाही का?’

बाहेर रुग्णांची रांग होती. मी मान वर न करता म्हणालो, ‘करा, करा गुरुजी. हळूहळू वाढेल.’

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्याचे प्रायश्चित्त आहे.

आठ दिवसांनी सकाळी तलावावरून निरोप आला. गुरुजींना १०६ गाठायचे होते, म्हणून ते पाण्यात नेहमीच्या दुप्पट वेगाने चालत होते. दम लागला तरी थांबले नाहीत, कारण घड्याळ ९४ दाखवत होते. शेवटी फारच थकवा वाटला म्हणून झटकन शिडी चढून वर आले, आणि वर येताच डोळ्यांपुढे अंधारी आली. ते मागे पाण्यात पडले नाहीत, कारण तलावावरचा जीवरक्षक मुलगा आधीच शिडीपाशी येऊन उभा होता. त्याने त्यांना दंडाला धरून खाली आडवे केले. मी पोहोचलो तेव्हा रक्तदाब ९० वर ६० होता. पाय उंच करून ठेवले, पाणी दिले, अर्ध्या तासात ते सावरले. ईसीजीत नवे काही निघाले नाही.

मी त्या मुलाला विचारले, ‘तुला कसे कळले?’ तो म्हणाला, ‘साहेब, गुरुजी रोज प्रत्येक फेरीला माझ्याशी काहीतरी बोलतात. आज दोन फेऱ्या झाल्या, बोललेच नाहीत.’

हजारो रुपयांच्या घड्याळाला जे कळले नाही, ते त्या मुलाला कळले. असे का झाले, आणि मग अशी यंत्रे वापरायची की नाही, हे आज समजून घेऊ.

पाणी शरीराला काय करते?

पाण्यात व्यायाम सोपा वाटतो, कारण पाणी आपले वजन उचलून धरते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले तर पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे निम्माच भार येतो. छातीइतक्या पाण्यात तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो, आणि मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणूनच झिजलेला गुडघा, दुखरी कंबर, बरे होत आलेले हाड यांना पाणी मानवते. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्यामुळे हातपाय हलवताना आपोआप विरोध मिळतो आणि स्नायूंना वेगळे वजन न उचलता काम घडते.

पण पाणी दुसरेही एक काम गुपचूप करते. ते चहूबाजूंनी शरीरावर दाब देते. त्या दाबाने पायांतले आणि पोटातले रक्त छातीकडे ढकलले जाते. मानेपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत सुमारे पाऊण लिटर रक्त जादा येते. हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते, म्हणून ठोक्यांची संख्या कमी पुरते. तेवढ्याच मेहनतीला जमिनीवर जितके ठोके पडतात, त्यापेक्षा पाण्यात साधारण १० ते १५ कमी पडतात. पाणी गार असेल तर आणखी कमी.

आता गुरुजींचा हिशेब पाहा. २२० वजा वय हे सूत्र मुळात जमिनीवरच्या व्यायामाचे, आणि तेही ढोबळ. पाण्याने त्यातले दहा-पंधरा ठोके आधीच कमी केले. वर मेटोप्रोलॉल. बीटा ब्लॉकर जातीच्या या गोळीचे कामच ठोके आवरून धरणे हे आहे. गोळी घेणाऱ्याने कितीही धाव घेतली तरी ठोके एका मर्यादेपुढे सहजी जात नाहीत. गुरुजींची वजाबाकी बरोबर होती. उदाहरणात गोळी धरलेलीच नव्हती, आणि ती धरायची जबाबदारी माझी होती. हे वाचून कोणी गोळी मात्र बंद करू नये. ती अचानक बंद करणे धोक्याचे असते.

आणि अंधारी का आली? पाण्यातून बाहेर येताच तो चहूबाजूंचा दाब नाहीसा होतो. छातीकडे आलेले रक्त झपाट्याने पायांकडे उतरते आणि रक्तदाब खाली येतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तो जास्तच उतरतो. तोल जाण्याची, पडण्याची वेळ बहुधा हीच असते.

घड्याळ ठोके मोजते कसे?

घड्याळाच्या पाठीला लहानसे हिरवे दिवे असतात. त्यांचा प्रकाश कातडीत शिरतो. प्रत्येक ठोक्याला मनगटातले रक्त वाढते, तेव्हा थोडा जास्त प्रकाश शोषला जातो. परत येणाऱ्या प्रकाशातला हा चढउतार मोजून घड्याळ नाडी सांगते. खुर्चीत बसलेल्या माणसाची नाडी ते बऱ्यापैकी अचूक देते. पाण्यात मात्र पट्टा आणि कातडी यांच्यामध्ये पाणी शिरते, हात सारखा हलतो, गारव्याने कातडीतले रक्त कमी होते, आणि आकडा डळमळतो. म्हणून पाण्यात पट्टा नेहमीपेक्षा थोडा घट्ट आणि मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे वर बांधावा. एखादा आकडा एकदम चढला किंवा पडला तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

छातीला बांधायचा पट्टा अधिक भरवशाचा असतो, कारण तो प्रकाशाने नव्हे, तर हृदयाच्या विद्युत लहरींवरून ठोके मोजतो. या पट्ट्याची कथा फिनलंडमधली. तिथल्या औलू विद्यापीठातले प्राध्यापक सेप्पो सायनायाकंगास यांनी १९७७ साली पोलर ही कंपनी काढली. बर्फावर घसरत धावणाऱ्या खेळाडूंचे ठोके सरावातच मोजता यावेत, हा हेतू होता. १९८२ साली त्यांचे बिनतारी यंत्र बाजारात आले. छातीवरच्या पट्ट्याने ठोके टिपायचे आणि मनगटावर दाखवायचे, ही रीत तिथून जगभर पसरली.

इथे एक गंमत आहे. त्या जुन्या पट्ट्यांचा संदेश अतिशय हलक्या कंप्रतेचा असे, त्यामुळे तो पाण्यातूनही छातीपासून मनगटापर्यंत पोहोचे. आजच्या मोबाइलशी बोलणाऱ्या ब्लूटूथच्या लहरी मात्र पाणी जवळजवळ गिळून टाकते. म्हणून नवे पट्टे पाण्यात असताना नोंद स्वतःजवळ साठवतात आणि बाहेर आल्यावर मोबाइलला देतात. म्हणजे काठावर मोबाइल घेऊन बसलेल्या सूनबाईंना सासऱ्यांचे ठोके पाण्यातल्या पाण्यात दिसतीलच, असे समजू नये.

फेऱ्या मोजण्याचे काम वेगळा सेन्सर करतो. मोबाइल आडवा धरला की चित्र आडवे होते, ते ज्या बारीक कणाएवढ्या भागामुळे, तोच भाग घड्याळात हाताची गती आणि वळण ओळखतो. म्हणून कठडा धरून चालणाऱ्या माणसाच्या फेऱ्या त्याला नीट मोजता येत नाहीत, कारण हात हलतच नाही. तलावाची लांबी घड्याळात चुकीची भरली असेल, तर अंतरही चुकीचेच येणार.

‘वॉटरप्रूफ’ म्हणजे किती?

घड्याळावर ‘५० मीटर’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ ते घालून ५० मीटर खोल बुडी मारावी असा नाही. तेवढ्या खोलीवर असतो तितका दाब स्थिर अवस्थेत देऊन त्याची चाचणी घेतलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. तलावात पोहण्याला असे घड्याळ चालते. खोल बुडीसाठीच्या घड्याळांचे मानक वेगळे असते.

काही वस्तूंवर ‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ असे असते. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते बनवणाऱ्याने सांगायचे. या चाचण्या साध्या पाण्यातल्या असतात. क्लोरीन, समुद्राचे खारे पाणी, साबण, वाफ यांची हमी त्यात धरलेली नसते. आतली रबराची कडी काळाने वाळते. तेव्हा तलावातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे, पुसावे, पूर्ण कोरडे झाल्यावरच चार्जिंगला लावावे. मनगटही पुसावे. ओल्या पट्ट्याखाली पुरळ उठल्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात.

लकवा, गुडघा आणि मधुमेह

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा लकव्यातून उठलेल्या रुग्णांना पाण्यात चालवतात, तेव्हा मोठ्या केंद्रांत मांडीला आणि पोटरीला असेच छोटे सेन्सर बांधतात. गुडघा किती अंशात वाकला, दुखरा पाय किती वेळ टेकला, हे ते सांगतात. कंपासपेटीतला कोनमापक करतो तेच काम, फक्त चालत्या पायावर आणि पाण्याखाली. पाण्यातल्या पायाकडे वरून पाहिले तर तो वाकडा दिसतो, त्यामुळे नुसत्या नजरेने अंदाज चुकतो. अशा वेळी ही नोंद फिजिओथेरपिस्टला खरोखर उपयोगी पडते. मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात गुडघा पाच अंश जास्त वाकला, हे दिसले की रुग्णालाही हुरूप येतो. मात्र टाके पूर्ण भरल्याशिवाय पाण्यात उतरू नये. उपचारासाठीचे पाणी ३३ ते ३५ अंश इतके कोमट ठेवतात. आपल्या तलावाचे पाणी पौषात तसे नसते, हेही ध्यानात ठेवावे.

मधुमेहाचे काही रुग्ण हल्ली दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावतात. त्यांतले काही एक मीटर खोलीपर्यंत आणि अर्ध्या तासापर्यंतच पाण्यात चालतात. आपल्या डबीवरची सूचना वाचावी. पाण्यात त्याचा संदेश मोबाइलला मिळत नाही, आणि तो रक्तातली साखर थोडी उशिराच दाखवतो. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने उतरली आणि तो खोल पाण्यात असला, तर हा उशीर महागात पडेल. म्हणून उतरण्याआधी साखर पाहा, काठावर साखर किंवा ग्लुकोज ठेवा, आणि तुम्हाला मधुमेह आहे हे जीवरक्षकाला सांगून ठेवा. पायाला बधिरता असेल तर पोहून आल्यावर तळवे तपासा.

बुडणाऱ्याला घड्याळ वाचवते का?

आमच्या लहानपणी पोहायला शिकवताना पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, सुकलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत सोडत. अंगावर बांधायचे पहिले यंत्र ते. पण बिंडा बांधला म्हणून काका घरी निघून जात नसत. ते दोर धरून काठावर उभे असत.

आता परदेशांत मुलांच्या डोक्याला किंवा मनगटाला बांधायचे धोक्याची सूचना देणारे पट्टेही निघाले आहेत. त्यांतल्या काहींची युक्ती साधी आहे. लहरी पाण्यातून जात नाहीत, या उणिवेचाच ते उपयोग करतात. पट्टा ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त पाण्याखाली राहिला की संदेश तुटतो आणि काठावरचे यंत्र वाजते. युक्ती चांगली आहे. पण यंत्र वाजल्यावर उडी मारायला माणूस लागतोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ निम्मी २९ वर्षांखालची होती. आपल्या देशात अशा मृत्यूंची नोंद वर्षाला ३० हजारांहून अधिक होते. सिनेमात बुडणारा हात हलवतो, ‘वाचवा वाचवा’ ओरडतो. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी १९७०च्या दशकात बुडणाऱ्यांचे निरीक्षण करून दाखवले, की बुडणाऱ्याला ओरडायला श्वासच उरत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होते, हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतात, आणि २० ते ६० सेकंदांत तो खाली जातो. मोबाइलमधून मान वर करायलाही कधी कधी यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आपल्या भागात शेततळी वाढली आहेत. त्यांचे प्लॅस्टिक ओले झाले की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. तिथे घड्याळाचा काही उपयोग नाही. कुंपण, काठाला पक्की बांधून पाण्यात सोडलेली गाठींची दोरी आणि हवेने भरलेली एक जुनी ट्यूब, एवढे साहित्य प्रत्येक शेततळ्यावर हवेच.

एवढे लक्षात ठेवा

१. हृदयविकार, रक्तदाब किंवा धडधडीची गोळी चालू असेल, तर आपले ठोके किती असावेत हे घड्याळाला नव्हे, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर घाईत असतील तर पुन्हा विचारा.

२. मेहनत ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बोलणे. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर दम लागला तर वेग जास्त आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी केली, तीत श्रम किती वाटतात हे माणसाने स्वतः सांगायचे असते. ११ ते १३, म्हणजे हलके ते थोडे जड, इतपत पुरे.

३. छातीत दुखणे, गरगरणे, दम न आवरणे यांपैकी काहीही झाले तर घड्याळ काय दाखवते ते पाहू नका, थांबा.

४. बाहेर येण्याआधी दोन-तीन मिनिटे उथळ पाण्यात सावकाश चाला. शिडी हळू चढा, वर येऊन बसा, मग उभे राहा. पाण्यात लघवी जास्त होते आणि घाम कळत नाही, तेव्हा नंतर पाणी प्या.

५. एकट्याने पाण्यात उतरू नका. फिट येणाऱ्या माणसाने तर कधीच नाही. पोहण्यापूर्वी भराभर श्वास घेऊन पाण्याखाली जास्त वेळ राहण्याची पैज मुलांनी लावू नये. श्वास घेण्याची इच्छा होण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

६. लहान मूल पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावे आणि दुसरे काहीही करू नये.

७. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा.

घड्याळ वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. किती दिवस गेलो, किती वेळ चाललो, मागच्या महिन्यापेक्षा प्रगती किती, हे सांगायला ते उत्तम वही आहे. वहीत लिहिलेले वाचायला मात्र जाणता माणूस हवा.

गुरुजींची मी माफी मागितली. ते म्हणाले, ‘अरे, उदाहरण नीट न वाचता उत्तर दिलेस. सातवीतही तू हेच करायचास.’ आता ते पुन्हा पाण्यात चालतात. घड्याळ मनगटावर असतेच, पण ठोक्यांचा तो लक्ष्याचा आकडा मुलाने काढून टाकला आहे. त्याऐवजी गुरुजी चालता चालता मोठ्याने एकोणीसचा पाढा म्हणतात. ‘एकोणीस चोक शहात्तर’ पर्यंत दम लागला तर वेग कमी करायचा, दहापर्यंत पोहोचले तर ठीक चालले आहे. काठावरचा तो मुलगा रोज ऐकतो. गुरुजी म्हणतात, त्यालाही आता पाढा पाठ झाला आहे.